रिकामा हौदा

कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. दोघींना दोनच दारं, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, पाच गिअर आणि ते हाताने टाकायचे. माझ्या १९९०च्या माझदा मिआटाचं इंजिन १.६ लिटरचं, ११६ अश्वशक्तीचं. समोर उभी असलेली फोर्ड रेंजर पिकअप १९९६ची, इंजिन २.३ लिटरचं, अश्वशक्ती ११२. फरक काय तो चार घोड्यांचा. शिवाय हिचा गिअरबॉक्सही माझदाकडचाच. डेट्रॉइटच्या पश्चिमेला, एका निवृत्त गृहस्थांच्या अंगणात त्या पिकअपला प्रदक्षिणा घालताना मी स्वतःची अशी समजूत काढत होते. वजन मिआटापेक्षा साडेतीनशे किलो जास्त, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या चाकांवर, हा भाग मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारला नाही.

गृहस्थांनी फाळका दोनदा आपटून लावला आणि म्हणाले, "हिला फार प्रश्न विचारू नका. सामान टाका आणि चालवा." मी बावीसशे डॉलर मोजले. गाड्यांना प्रश्न विचारणं हाच माझा धंदा आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

धंदा म्हणजे सस्पेन्शन. गेली अठरा वर्षं मी इथल्या एका पुरवठादार कंपनीत शॉक ॲब्सॉर्बर जुळवते. शॉकच्या पोटात पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. गाडी खालीवर झाली की तेल त्या चकत्यांना वाकवून पलीकडे जातं. एक चकती काढून जराशी जाड घातली की गाडीचा स्वभाव बदलतो. जाड म्हणजे किती, तर मिलिमीटरचा दहावा-विसावा हिस्सा. दिवसभर हेच चालतं. टेस्ट ट्रॅकवर फेरी, परत येऊन टेक्निशियनने शॉक उघडायचा, चकती बदलायची, पुन्हा फेरी, आणि दहापैकी गुण. गुण आधी पाठीने द्यायचे, यंत्राचे आलेख नंतर बघायचे. लग्नघरात आचारी बोटावर आमटी घेतो आणि "चिमूटभर गूळ" म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. अशा माणसाने शनिवार-रविवारीही पार्किंगच्या मैदानात शंकू मांडून त्यांच्यामधून मिआटा पिळवटावी, हे घरच्यांना कधी कळलं नाही. मला त्याखेरीज दुसरं काही सुचत नसे.

मिशिगनमध्ये स्पोर्ट्स कार बाळगायची तर दुसरी गाडी लागतेच. पहिला बर्फ पडला की रस्त्यावर मीठ पडायला लागतं. मीठ तरी परगावचं म्हणावं, तर तेही नाही. डेट्रॉइटच्या पोटात, साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाण आहे. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच्याच तळघरात त्या गंजवायचा साठा! म्हणून मिआटा दिवाळीच्या सुमाराला गॅरेजात जाते, बॅटरीला चार्जर आणि अंगावर पांघरूण घेऊन, ती गुढीपाडवा झाल्यावर बाहेर येते. मधल्या महिन्यांत मिठाचा मार खायला जी जुनी गाडी ठेवतात तिला इथे 'विंटर बीटर' म्हणतात. रेंजर त्या जागेवर आली होती. हंगामी नोकरी, एप्रिलमध्ये निरोप.

पहिला आठवडा मी तिला नावं ठेवण्यात घालवला. स्टेअरिंग जात्यासारखं, फिरवत राहावं तेव्हा पीठ पडणार. गिअरचा दांडा छत्रीएवढा लांब. मिआटात मनगट वळतं तेवढ्यात गिअर पडतो, इथे दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं तर खांद्यापासून निघावं लागे. पुढचं सस्पेन्शन म्हणजे प्रत्येक चाकाला गाडीखालून आडवी गेलेली एकेक जाड तुळई. चाक वर उचललं की तुळईबरोबर ते तिरकंही होतं. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही पोराला हे चित्र दाखवलं तर तो चष्मा पुसून पुन्हा बघेल. फोर्डने मात्र १९६५पासून आपल्या ट्रकांना ते वापरलं. खड्ड्यांना ते भीत नाही, आणि मिशिगनच्या रस्त्यांवर हा गुण वरच्या नंबरात बसतो. मागे एकसंध ॲक्सल आणि त्याखाली पाटे. आपल्याकडे बैलगाडी सुटली तेव्हापासून टेम्पोला जे पाटे आहेत, तेच.

आणि ते पाटे मला छळत होते. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर जोड असतात. प्रत्येक जोडावर मागची बाजू टुणकन उडे आणि खाली येईपर्यंत पुढचा जोड. कॉफीचा कप मी दुसऱ्याच दिवशी घरी ठेवला. पाठीने दहापैकी तीन दिले. तेही ओळखीखातर.

डिसेंबरच्या सुरुवातीला, पावसात, हायवेवरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर तिने मला फिरवलं. चूक सर्वस्वी माझी. मिआटात मी ज्या सुमाराला पुन्हा ॲक्सिलरेटर दाबायला घेते, त्याच सुमाराला सवयीने पाय गेला. मिआटात ड्रायव्हर मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात बसतो. चाक सुटायला लागलं की कमरेला आधी कळतं. पिकअपमध्ये मी पुढे आणि चाकं पार तिकडे, मध्ये सहा फुटांचा रिकामा पत्र्याचा हौदा. बातमी पोचायला वेळ लागला. पोचली तेव्हा मी कडेचं गवत बघत होते. हातांनी जातं उलट दळलं, ती झोकांडी खाऊन सरळ झाली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. पुढच्या सिग्नलपर्यंत मी गाणीसुद्धा लावली नाहीत.

रविवारी कोल्हापूरला फोन केला तेव्हा मामाला सांगितलं. मामाने पस्तीस वर्षं टेम्पो चालवला, त्यातली बरीचशी चारशेसात. शाहूपुरीतून गुळाचे रवे भरायचे आणि आंबा घाटाने रत्नागिरीला उतरायचं. मी सुट्टीत त्याच्या आणि क्लीनरच्या मध्ये बसून गेलेली आहे. माझ्या नोकरीचं मूळ त्या सीटवर आहे असं मी इथल्या मुलाखतींत सांगत आले. ते ऐकायला बरं वाटतं, पण त्या वयात मला फक्त उलटी होत असे.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रिकामी हुती न्हवं?"

"हो."

"मग नाचणारच की. रिकामी गाडी लई नाचती. वझं पडलं म्हंजे गप बसती, म्हशीवानी. तू मागं काय टाकलंयस?"

मागे काही टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दाराशीच साठ-साठ पौंडांच्या वाळूच्या लांबट पिशव्यांची थप्पी होती. दर हिवाळ्यात असते आणि दर हिवाळ्यात मी तिला वळसा घालून आत जाते. चार घेतल्या, मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर आडव्या टाकल्या. एकशेनऊ किलो. घरी येताना ती गप बसली. म्हशीवानी नाही, पण गप.

याचं गणित मला पाठ आहे, हेच लाजिरवाणं. स्प्रिंग तीच आणि वरचं वजन वाढलं की डोलण्याची गती मंदावते, वर्गमुळाच्या हिशोबाने. मागे साडेचारशे किलो धरले आणि त्यावर शंभर टाकले तर ढोबळमानाने दहा टक्के फरक. कागदावर दहा टक्के म्हणजे काही नाही. पाठीला तेवढ्यात घर बदलल्यासारखं वाटतं. पाटे कारखान्यात बसवले तेव्हाच बसवणाऱ्याने मनात साडेपाचशे किलोंचं सामान धरलं होतं. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलंही होतं, त्यातून तो आकडा निघतो. मी मात्र रिकामी गाडी चालवून त्याला तीन गुण दिले होते.

मग ऑफिसात एक गोष्ट खुपायला लागली. आम्ही गाडी जुळवतो ती दोन माणसं आणि थोडं पेट्रोल धरून. हीच खरी गाडी, तिच्यासाठी आठ-आठ दिवस चकत्या बदलायच्या. पूर्ण भरलेल्या गाडीची चाचणीही असते. वाळूच्या पिशव्या आणि पाण्याची पिंपं चढवायची, दोन फेऱ्या मारायच्या, तळ आपटत नाही ना, ब्रेकमध्ये डोलत नाही ना एवढं बघायचं आणि रकान्यात टिक करायची. ही चाचणी बहुधा शुक्रवारी दुपारी येते. सामान चढवणारे टेक्निशियन वैतागलेले असतात, सगळ्यांना घरी जायचं असतं. अठरा वर्षांत भरलेल्या गाडीला मी दहापैकी किती गुण दिले हे आठवून पाहिलं. गुण दिलेच नव्हते. चालेल किंवा नाही चालेल, एवढंच लिहिलं होतं. सामान हा माझ्या लेखी गाडीला झालेला आजार होता.

एप्रिल आला. मिआटा बाहेर आली, पहिल्याच वळणावर मी पूर्वीसारखी हसले. पिकअप विकायची जाहिरात मात्र लिहिली नाही.

विकायला गिऱ्हाईक शोधावं लागलं नसतं. पेट्रोल पंपावर दर महिन्याला कोणी तरी थांबून विचारतं, विकायची आहे का? असल्या छोट्या पिकअप आता मिळत नाहीत, आणि त्यामागे कोंबड्या आहेत. पश्चिम जर्मनी आणि शेजाऱ्यांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली, म्हणून १९६३च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उलट जकात लावली. तीत बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के. कोंबड्यांचं भांडण केव्हाच विसरलं गेलं, २५ टक्के अजून आहेत. रेंजरच्या आधी फोर्ड जी कुरिअर नावाची पिकअप विकत असे ती बनवायची माझदा. केबिन-चासी वेगळी आणि हौदा वेगळा असं आणून ती जकात चुकवली जाई. पुढे चक्र उलटं फिरलं आणि १९९४पासून फोर्डच्या कारखान्यातली रेंजरच माझदाचं नाव लावून अमेरिकेत विकली गेली. माझ्या दोन गाड्या सख्ख्या बहिणी नसतील, पण सोयरीक जुनी आहे. नंतर मायलेजचे सरकारी नियम गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाला बांधले गेले. गाडी जितकी मोठी तितकी सूट जास्त. छोट्या पिकअपने मग कशासाठी जगायचं? सेंट पॉलच्या कारखान्यातून शेवटची रेंजर २०११च्या डिसेंबरात बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. २०१९ला नाव परत आलं ते थोराड अंगाने. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझी पिकअप आजकालच्या दोन ट्रकांच्या मधे उभी केली की ती कोणाच्या तरी हौद्यातून उतरवून ठेवल्यासारखी दिसते.

मे महिन्यात घरामागची वाट खडी टाकून घ्यायची ठरली. खडीच्या डेपोत मी अर्धा क्युबिक यार्ड मागितली. लोडरवाल्या मुलाने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अर्धा?" सस्पेन्शनचे इंजिनिअर असल्या प्रश्नाला घाबरत नाहीत. बादली उलटली, धूळ बसली, आणि पाहते तर पिकअपचं तोंड आभाळाकडे. पाटे सपाट होऊन रबरी ठोकळ्यांना टेकलेले. तेव्हा कुठे हिशोब केला: अर्ध्या यार्डाचे सव्वासहाशेहून जास्त किलो, त्यात मी. लोडरवाला काही बोलला नाही. आतून फावडं आणून माझ्या हातात दिलं. मी वरची खडी परत ढिगावर टाकत असताना तो सावकाश कॉफी प्यायला. ठोकळे आणि ॲक्सल यांच्यात तीन बोटं जागा झाल्यावर थांबले.

आणि तो परतीचा अर्धा तास. रस्त्याचे जोड कुठे गेले कळेना. जी बाजू टुणटुण उडत होती ती आता रेल्वेच्या जुन्या डब्यासारखी लांब, संथ डोलत होती. पाठीने गुण द्यायला सुरुवात केली: सात. मागचा टायर आता ओल्या पट्ट्यावरही धरून होता. पण ही शांतता फुकट नव्हती. सिग्नल पिवळा होताना दिसला की मिआटात मी विचार करायला सुरुवात करते. इथे तोपर्यंत विचार संपलेला असायला हवा. ११२ घोडे आणि मागे अर्धा टन दगड, म्हणून एकदा जमवलेला वेग सोडवत नव्हता. लांबवर बघायचं, गाडी थांबू द्यायची नाही, ब्रेक हळू धरायचा आणि हळू सोडायचा. शंकूंच्या मैदानात शिकवतात ते हेच. तिथे एक-दोन दशांश सेकंद कमी व्हावे म्हणून. ब्रेकवर पंजा ठेवून टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारत गिअर उतरवायची जी खोड मी वीस वर्षं शौक म्हणून जपली, ती त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. नुसत्या ब्रेकवर एवढं वजन सोपवायचा धीर होत नव्हता. घरी पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. वेग कुठेही ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर गेला नव्हता.

एकदा तुमच्याकडे पिकअप आहे हे कळलं की मराठी मंडळात तुमचा हुद्दा बदलतो. एरवी मी "ती गाड्यांवाली" होते, आता लोक चहाला बोलवायला लागले. ॲन आर्बरला नवीन आलेल्या पोरांच्या गाद्या, कोणाचा सोफा, कोणाच्या डेकसाठी चार बाय आठचे प्लायवूड. त्यासाठी हौद्याच्या भिंतींना खाचा दिलेल्या आहेत, तिथे आडव्या फळ्या बसवल्या की प्लाय चाकांच्या उंचवट्यांवरून सपाट जातं. ज्याने त्या खाचा काढल्या तो माणूस कधी तरी शनिवारी प्लायवूड आणायला गेलेला असणार.

सप्टेंबरात गणपती आणायचं काम आलं. मूर्ती पेणहून कंटेनरने येते. आमची अडीच फुटांची, शाडूची. गोदामापासून हॉलपर्यंत अकरा मैल. आधी ती कोणाच्या तरी मोठ्या एसयूव्हीतून आणत, पण मुकुट छताला लागायचा. मी हौद्यात चार गाद्या घातल्या, वाळूच्या पिशव्यांनी चौरंग चारी बाजूंनी चेपला, दोऱ्या बांधल्या. शेजारी मंडळातल्या एक काकू बसल्या, त्या पूर्ण वेळ मागच्या काचेतून मूर्तीकडे बघत होत्या. डॅशबोर्डवर फोन लावून मी त्यातला त्वरण मोजणारा ॲप चालू केला. शंकूंच्या मैदानात मिआटा वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास बरोबरीने ओढते. त्या दिवशी मी आकडा ०.१५च्या वर जाऊ दिला नाही. एकदाच ०.१७ झाला, खड्डा चुकवताना, आणि काकूंनी हात जोडले. मला वाटतं मी आयुष्यात इतकी चांगली गाडी चालवलेली नाही. बघायला माणूस एकच होता आणि त्याची पाठ रस्त्याकडे होती.

हॉलशी उतरल्यावर काकू म्हणाल्या, "छान सावकाश चालवतेस गं. मग ती छोटी, आवाज करणारी गाडी कशाला घेतलीस?"

ऑफिसातही थोडं बदललं, फार नाही. भरलेल्या गाडीची चाचणी मी शुक्रवारवरून मंगळवारी सकाळी आणली आणि तिच्यासाठी गुणांचा वेगळा रकाना मागितला. मंगळवार मिळाला. रकान्यावर अजून मीटिंगा चालू आहेत. टेक्निशियनला पिंपं मंगळवारी चढवायला लागतात की शुक्रवारी, याने त्याच्या कमरेला काही फरक पडत नाही, हे त्याने मला स्पष्ट सांगितलं आहे.

मिठाने मात्र आपलं काम चालू ठेवलं. यंदा गॅरेजवाल्याने पाट्यांच्या मागच्या कडीपाशी चासीला स्क्रू-ड्रायव्हर टोचून दाखवला, तो बोटभर आत गेला. पट्टी लावून वेल्डिंग करून घेतलं, गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश पैसे गेले. मिशिगनमध्ये गाड्यांची दरवर्षीची तपासणी नसते. तिने कधी थांबायचं हे तिचं तिने किंवा मी ठरवायचं आहे.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचं सामान लॅन्सिंगला टाकून परत निघाले. हौदा रिकामा, वाळूच्या पिशव्या अजून गॅरेजात. हायवे सोडून आतल्या रस्त्याने येत होते आणि मागची बाजू पुन्हा टुणटुण उडायला लागली होती. रत्नागिरीहून मामा कधी रिकामा वर आला नाही. आंब्याच्या पेट्या, नाही तर जांभ्याचे चिरे, काहीच नसेल तर कोणाचं घरसामान, पण रिटर्न भाडं मिळेपर्यंत तो नाक्यावर चहा पीत बसे. दोनदा तर त्याने तिथेच मुक्काम केला. मला तेव्हा ते पैशासाठी वाटायचं.

एका शेताच्या कडेला ओकच्या जळणाचे ढीग रचलेले दिसले. माणूस कोणी नाही, नुसती पाटी आणि पैसे टाकायला कुलूप लावलेली पेटी. मी गाडी मागे घेतली, फाळका पाडला आणि मागच्या ॲक्सलच्या वर येईल अशा बेताने तीस डॉलरची लाकडं रचली. फाळका दोनदा आपटून लावला. घरापर्यंत ती गप आली.

आमच्या घरात फायरप्लेस नाही.